टू-सीटरच्या केबिनमधला आवाज: सड्यावरच्या शेडमधल्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली, पाहुणे गेले, शेड मोकळी झाली. छोट्या विमानाच्या केबिनमधला आवाज आणि थरथर इंजिनाची रबरं (माउंट) बदलून किती कमी होते ते बघायचंय. हाताशी काय काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नंतर शोधाशोध नको.

इंजिन रोटॅक्स ९१२ यूएल, ८० हॉर्सपॉवर, चार सिलिंडर बॉक्सर. तास संपलेलं, उडायला बाद, पण कॉम्प्रेशन चांगलं आहे. मोडीत निघालेल्या एका मायक्रोलाइटचा पुढचा अर्धा भाग मिळालाय, त्यात क्रोमोलीच्या पाइपांचा सांगाडा, ॲल्युमिनियमची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत), दोन सीटा, दोन्ही दारं आणि पुढची काच शाबूत आहे, शेपूट आणि पंख नाहीत. लाकडी प्रोपेलर, म्हणजे पंखा, दोन पात्यांचा. हे सगळं वेंगुर्ल्याच्या सड्यावर काजूच्या बागेला लागून असलेल्या शेडमध्ये, जांभा खणून काँक्रीट भरलंय आणि त्याला साखळदंडाने बांधलंय.

हे उडणार नाही. उडत्या विमानाच्या इंजिन माउंटला, म्हणजे इंजिन ज्या रबरी बैठकींवर टेकतं त्यांना, हात लावायचा तर डीजीसीएची (सरकारच्या विमान वाहतूक खात्याची) मंजुरी लागते आणि ती लागायलाच हवी, कारण पंख्याची ओढ, टॉर्क, वळताना येणारा जायरोस्कोपिक जोर हे सगळं त्या चार रबरांवर येतं. या इंजिनाला फुल पॉवरवर प्रोपेलरच्या शाफ्टला सव्वादोनशे न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क असतो. म्हणून जमिनीवरच काम, आणि प्रत्येक माउंटला मोठा वॉशर असा की रबर फाटलं तरी इंजिन सुटून जाणार नाही. ह्यात तडजोड नाही.

कशासाठी करतोय? मुंबईत हँगरमध्ये बरीच वर्षं काढली, छोट्या विमानातून उतरणारा माणूस मोठ्याने बोलत उतरतो हे रोज बघितलंय. अशा केबिनमध्ये नव्वदच्या वर डेसिबल ही नेहमीची गोष्ट. ८५ ला आठ तास चालतं, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ ला फक्त एक तास. हेडसेट कान वाचवतो, बरोबर, पण पायाला, मणक्याला, डोक्याला जी थरथर लागते तिला हेडसेट काही करत नाही आणि दोन तासांनी माणूस थकतो तो तिनेही.

१७ नोव्हेंबर

आज इंजिन चालू केलंच नाही, वहीवर बसलो. ५००० आरपीएमला कुठली फ्रिक्वेन्सी कुठून येणार ते आधी कागदावर पाहिजे, नाहीतर ग्राफवर नुसते सुळके दिसतात आणि कळत काहीच नाही.

क्रँक ८३ हर्ट्झ. फोर स्ट्रोक चार सिलिंडर म्हणजे एका फेरीत दोन फायरिंग, १६७ हर्ट्झ. गिअरबॉक्स २.२७ ला १, म्हणजे पंखा २२०० आरपीएम, जवळपास ३७ हर्ट्झ, आणि पाती दोन म्हणून पात्यांचा ठोका ७३ हर्ट्झ.

हा गिअरबॉक्स असणं ह्या कामाला वरदान आहे. लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटलसारखं डायरेक्ट ड्राइव्ह इंजिन असतं तर २७०० आरपीएमला फायरिंगही ९० हर्ट्झ आणि दोन पात्यांचा ठोकाही ९० हर्ट्झ, दोन्ही एकाच जागी बसतात, मग इंजिनाचं किती आणि पंख्याचं किती हे वेगळं काढताना घाम फुटतो. रोटॅक्समध्ये ते आपोआप वेगळे पडतात. आपल्या एनएएलच्या (बंगळूरच्या सरकारी विमान प्रयोगशाळेच्या) नव्या हंसा या छोट्या विमानालाही ९१२ कुटुंबातलंच इंजिन आहे, तेव्हा इथे शिकलेलं अगदीच वाया जाणार नाही असं मला वाटतं.

२४ नोव्हेंबर

कार्ब्युरेटर सिंक्रो केले, म्हणजे दोन्ही सारखे चालतील असे जुळवले. दोन कार्ब्युरेटर, एक डाव्या दोन सिलिंडरना, एक उजव्या दोघांना. दोन्ही बाजूंचा जोर सारखा नसेल तर दर दोन फेऱ्यांनी एक ढकल बसते, म्हणजे क्रँकच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीला. १८०० आरपीएमच्या आयडलला (इंजिनाच्या सर्वांत संथ वेगाला) ती १५ हर्ट्झ होते आणि मऊ माउंटची स्वतःची फ्रिक्वेन्सीही तिथेच आसपास असते. म्हणून रबराला हात लावण्याआधी गेज लावून कार्ब्युरेटर. कितीतरी जण आयडलला इंजिन हलतं म्हणून माउंट बदलत बसतात आणि दोष निघतो केबलच्या ॲडजस्टमेंटमध्ये.

८ डिसेंबर

पहिलं मोजमाप. भाच्याने ईएसपी३२ या छोट्या बोर्डवर थरथर मोजणारा एडीएक्सएल३४५ सेन्सर बसवून दिला, सेकंदाला ३२०० रीडिंग देतो, आपल्याला भरपूर. एक सेन्सर इंजिनाच्या बाजूला माउंटच्या रिंगवर, दुसरा त्याच बोल्टच्या मागे फायरवॉलवर, तिसरा पेडलवर. माइक डोक्याच्या उंचीला.

५००० ला केबिनमध्ये ए स्केलवर ९६, सी स्केलवर १०८. हा फरक नीट समजून घ्यायला हवा. ए स्केल कानासारखं वागतं, खालच्या फ्रिक्वेन्सी कापून टाकतं, १६० ला १३ डेसिबल आणि पात्यांच्या ७३ हर्ट्झला तर २४ च्या आसपास. सी स्केल त्या जवळजवळ तशाच ठेवतं. म्हणजे छातीत जी धडधड जाणवते ती ए मीटरवर जवळजवळ गायब. केबिनचा आवाज म्हणून फक्त एकच डीबीए आकडा सांगितला की मला राग येतो, तो आकडा खोटा नाही पण अर्धाच आहे.

दुपारी आबा आले. आबा म्हणजे आमच्या बंदरावरचे इंजिनमिस्त्री, ट्रॉलरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला, डाव्या कानाने ऐकू येत नाही आता. थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज खयसून येता ता आधी बघ, रबर मगे." म्हटलं आबा, तेच करायचंय.

२२ डिसेंबर

हवेतून किती आणि सांगाड्यातून किती, ह्याचा निकाल लावायची एक जुनी पद्धत आहे, १९७० च्या दशकाच्या शेवटी नासासाठी झालेल्या कामात वापरलेली. इंजिन फायरवॉलवरून सोडवायचं, त्याच जागी स्वतंत्र स्टँडवर उभं करायचं, मध्ये थोडी फट, आणि तसंच चालवायचं. जोडलेलं असताना जो आवाज येतो त्यात दोन्ही वाटा असतात, सोडवल्यावर फक्त हवेची वाट उरते.

स्टँडसाठी चॅनेल आणि अँगल आणले. इंजिन आणि सांगाडा एकाच काँक्रीटवर आहेत तेव्हा जमिनीतून थरथर जाणार, म्हणून सांगाडा टेम्पोच्या ट्यूबांवर ठेवणार. ट्यूबवर आला की तो हर्ट्झ-दोन हर्ट्झलाच झुलतो, वरचं काही त्यात शिरत नाही.

११ जानेवारी २०२५

झाली टेस्ट. वेल्डिंगला वेळ लागला, मध्ये लाईट नव्हती, मध्ये वेल्डर जत्रेला.

इंजिनाची रिंग आणि फायरवॉल ह्यांच्यात दोन बोटांची फट. सगळे पाइप, वायरी, थ्रॉटल केबल बाहेरून स्टँडवर. कॉकपिटमध्ये मीच बसलो, भाचा स्टँडमागे थ्रॉटलवर, पंख्याच्या रेषेत कोणी नाही, बागेतली माणसं आधीच बाहेर काढलेली.

५००० ला १६७ हर्ट्झचा सुळका ११ डेसिबलने खाली. ७३ चा? जेमतेम एक. ए स्केलवर एकूण ९२, सी वर १०७.

ह्या दोन ओळींमध्ये सगळा प्रकल्प आहे. पात्यांचा ठोका हवेतून येऊन थेट काचेवर आणि फायरवॉलवर आपटतो, जगातलं कुठलंही रबर लावा, तो हटणार नाही. रबर काय करू शकतं ते फायरिंगचा आणि त्याच्या वरच्या हार्मोनिकचा भाग. आणि ९२ ही माझी मर्यादा, कारण इंजिन मुळी टेकलेलंच नसताना ९२ आहे, तर टेकवून त्याच्या खाली कसं जाईल? आता निदान कुठवर पळायचंय ते माहीत आहे. जमिनीवर पंख्यात येणारी हवा उडताना येते तशी सरळ नसते, त्यामुळे उडताना ७३ चा आकडा वेगळा असेल, पण वाटा ह्याच.

२ फेब्रुवारी

रबराचं गणित. इंजिन, एक्झॉस्ट, पंखा सगळं धरून ७५ किलो. वजनाने रबर किती मिलिमीटर दबतं त्यावरून त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी निघते, १५.८ भागिले त्या मिलिमीटरचं वर्गमूळ. मला १० हर्ट्झ हवेत तर अडीच मिलिमीटर दबायला हवं, म्हणजे चारही मिळून मिलिमीटरला ३०० न्यूटन, एकाला ७५. जुने बुश, म्हणजे माउंटची रबरं, मोजले तर धड अर्धा मिलिमीटरही दबत नाहीत, दगड झालेत.

स्वतःच्या फ्रिक्वेन्सीच्या १.४१ पट वर गेल्यावरच माउंट थरथर कमी करायला लागतं, त्याच्या खाली उलट वाढवतं. आयडल १८०० ठेवलं तर पंखा १३ हर्ट्झ, १० च्या १.३ पट, म्हणजे वाढवणार. २००० ठेवलं तर १४.७, जेमतेम पलीकडे. म्हणून आयडल २००० च ठेवायचं ठरवलं, गिअरबॉक्सलाही ते बरं. सुरू करताना आणि बंद करताना मात्र रेझोनन्समधून जावंच लागतं, तेव्हा इंजिन एकदा अंग झटकणार, त्यासाठी काऊलिंगमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) चारही बाजूंनी जागा सोडायला हवी.

मऊ रबराचा विचार जुना आहे. १९३१ मध्ये प्लायमाउथ गाडीत क्रायस्लरने इंजिन रबरावर तरंगत ठेवलं, पुढे विमानांच्या रेडियल इंजिनांसाठी डायनाफोकल माउंट आलं, म्हणजे रबरं अशी तिरकी लावायची की त्यांच्या रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याकडे जातात. फायदा असा की इंजिन मागून धरलेलं असूनही मधोमध धरल्यासारखं वागतं, वरखाली हलणं आणि डोलणं एकमेकांत गुंतत नाही. रोटॅक्सचीही रिंग मागे आणि वजन पुढे, त्यामुळे नुसतं मऊ रबर लावलं तर वरची दोन ताणली जातात, खालची दोन चेपतात आणि इंजिनाचं नाक खाली जातं. म्हणून मी पण तिरकी बैठक करतोय.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस फायरवॉलवर गेला आणि सार्थकी लागला.

कागदावर १० हर्ट्झचं माउंट १६७ हर्ट्झला पावणेतीनशे पट कमी करतं, म्हणजे ४९ डेसिबल. प्रत्यक्षात हे कधीच मिळत नाही. एक तर रबर हळू दाबलं तर मऊ आणि भराभर हलवलं तर कडक असतं, जितका काजळीचा भरणा जास्त तितका हा फरक जास्त. आणि दुसरं मोठं कारण म्हणजे ज्यावर टेकवलंय तेच मऊ असेल तर रबराला काम काय उरलं? स्प्रिंग आहे पण तिला दाबायला पाठच नाही.

म्हणून डायल गेज लावलं. माउंटच्या बोल्टला २० किलोचं वजन टांगलं आणि मागे फायरवॉल किती सरकते ते बघितलं. खालच्या दोन पॉइंटना काटा हललाच नाही म्हणावं इतका, कारण ते बरोबर पाइपांच्या जोडावर आहेत. वरचा डावा मात्र पाइपाच्या मध्यावर, पत्र्यावर डबलर (जोडपत्रा) लावून काढलेला, तिथे काटा सरळ अर्धा मिलिमीटर गेला. २० किलोला अर्धा मिलिमीटर म्हणजे मिलिमीटरला ४०० न्यूटन, माझ्या रबराच्या फक्त पाचपट कडक. कमीत कमी दहापट तरी हवं. तिथून जवळच्या जोडापर्यंत एक तिरका पाइप टाकायचा, वजन वाढेल दोनशे-तीनशे ग्रॅम, चालेल. रबर बदलण्याआधी हे तपासा, सगळ्यांना सांगणं आहे.

९ मार्च

कोल्हापुरातून बुश आले. नैसर्गिक रबर, शोअर ए ४५ (रबराच्या कडकपणाचं माप), स्टीलच्या कपात बाँड केलेलं. निओप्रीनचा एक सेटही करून घेतलाय. नैसर्गिक रबरात डॅम्पिंग कमी आणि भराभर हलवल्यावर कडक होणं कमी, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीला ते सरस, पण तेल, उष्णता आणि ओझोन ह्यांचं त्याला वावडं. निओप्रीन उलट. आमच्याकडे दोडामार्गात रबराचे मळे उभे आहेत आणि बुश मात्र घाटावरून, असो.

आता शिमगा, गावात पालखी, आठवडाभर कोणी शेडवर येणार नाही आणि मीही नाही.

२३ मार्च

नवीन रबर, नवीन तिरका पाइप, सगळं घट्ट, टॉर्क रेंचने. चालू केलं.

रिंगवरचा सेन्सर आणि फायरवॉलवरचा सेन्सर ह्यांच्यात १६७ हर्ट्झला जबरदस्त फरक, माउंट आपलं काम चोख करतंय. पेडलची ३७ हर्ट्झची थरथर कुठल्या कुठे गेली, पाय ठेवला तर ठेवलाय असं वाटतं. आणि केबिनमधला आवाज? ए स्केलवर ९५. एक डेसिबल.

चारही बोल्टमधून थरथर येत नाहीये आणि तरी केबिनमध्ये १६७ वाजतोय, म्हणजे पाचवी वाट आहे कुठेतरी.

३० मार्च

आबांना बोलावलं. त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे बघितलंही नाही. बागेतून एक सुकी काठी तोडली, एक टोक दातात धरलं, दुसरं टोक फायरवॉलला लावलं. इंजिन २५०० वर. दातात धरलेली काठी थरथर सरळ कवटीत पोचवते आणि त्यांचा चांगला कान ती हाडातून ऐकतो. एकेक इंच सरकत गेले, वर, खाली, उजवीकडे, मध्ये थांबून डोळे मिटायचे, मग परत. खालच्या उजव्या कोपऱ्यात सायलेन्सरची ब्रॅकेट आहे तिथे थांबले आणि हात वर केला. इंजिन बंद केल्यावर एक्झॉस्टच्या जॉइंटवर बोट ठेवून म्हणाले, "हो बघ, हो घट्ट झालोहा, हलना नाय. रबर काय करतला मगे?"

रोटॅक्सचा एक्झॉस्ट बॉल जॉइंटवर असतो, स्प्रिंगने धरलेला, मुद्दाम, म्हणजे इंजिन हललं तरी सायलेन्सरला ओढ बसू नये. खाऱ्या हवेत तो जॉइंट गंजून एकजीव झाला होता आणि सायलेन्सर कडक क्लँपने सांगाड्याला आवळलेला. म्हणजे इंजिन रबरावर आणि त्याच्या बाजूने लोखंडी पूल. समुद्रापासून इतक्या जवळ ठेवलेल्या कुठल्याही विमानात हे होऊ शकतं आणि बाहेरून दिसत नाही, जॉइंट हाताने फिरवून बघितल्याशिवाय कळत नाही.

जॉइंट उघडून घासले, उष्णता सहन करणारं अँटी-सीझ लावलं, ब्रॅकेट सांगाड्यावरून काढून इंजिनाच्या रिंगलाच बसवली. आता सायलेन्सर इंजिनाबरोबर हलेल.

१३ एप्रिल

इतर पूल शोधण्यात दिवस गेले, पण एकेक सापडला की समाधान वाटतं. थ्रॉटलच्या दोन्ही केबल ताठ, सरळ फायरवॉलमधून येत होत्या, त्यांना लांब वळसा दिला. कूलंटच्या पाइपाचा क्लँप फायरवॉलच्या कडेला टेकत होता. काऊलिंग आणि फायरवॉल ह्यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवत पूर्ण फेरी मारली, जिथे अडकली तिथे घासलं. अर्थिंगची वेणी आखूड होती, लांब केली.

परत मोजलं. १६७ चा सुळका सोडवलेल्या इंजिनाच्या टेस्टपेक्षा फक्त दीड डेसिबल वर. ए स्केलवर ९३.

९६ वरून ९३. ऐकायला तीनच वाटतात, पण दर ३ डेसिबलच्या त्या नियमाने सुरक्षित वेळ दुप्पट. आणि पेडल, सीट, दाराची कडी ह्यांची थरथर गेली ती ह्या आकड्यात नाहीच. भाचा अर्धा तास आत बसून बाहेर आला आणि नेहमीच्या आवाजात बोलला, मला तेवढं पुरे.

निओप्रीनच्या सेटनेही बघितलं, केबिनमध्ये एक डेसिबलही फरक नाही, कारण राहिलेला आवाज आता हवेचाच आहे. मग तेल आणि खारा वारा बघता इथे निओप्रीनच बरं, माझं मत पक्कं झालं. नैसर्गिक रबराच्या कपावर बाँडच्या रेषेला आत्ताच लाल गंज डोकावतोय.

११ मे

आंब्याचा सीझन, पाहुणे, काम थोडंच. इंजिनाचं नाक किती खाली आलंय ते मोजलं, स्पिनर (पंख्याच्या मधलं टोपण) आणि काऊलिंगमधली फट वर आणि खाली. वर किंचित वाढलीय, म्हणजे रबर बसतंय. रबर पहिल्या काही आठवड्यांत जास्त बसतं, मग हळू, पण थांबत नाही. खाली-वरची रबरं अदलाबदल करणं किंवा वॉशर घालणं हे देखभालीत धरायलाच हवं.

२६ मे

पाऊस कालच देवगडपर्यंत आला, इतक्या लवकर कोणाच्याच हिशेबात नव्हता. शेड बंद करायची घाई. इंजिनाचं वजन चेनपुलीवर घेतलं म्हणजे रबरावर चार महिने भार नको. पंखा आडवा ठेवला, लाकडी पंखा उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि बॅलन्स जातो. एक्झॉस्टच्या जॉइंटना परत अँटी-सीझ, सेन्सर घरी आणले.

आता उरलाय तो ७३ हर्ट्झ आणि त्यावर रबर चालणार नाही, तिथे वजन आणि सील. दाराच्या फटी आधी, कारण पृष्ठभागाच्या एक टक्का जरी फट असली तरी बाकीची भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलच्या वर अडवणूक होत नाही. सीलसाठी पोकळ रबरी बीडिंग मागवलंय, ते घरी व्हरांड्यात दारं काढून बसवता येईल. काच जाड करायची का, वाढणारं वजन चालेल का, हे आबांबरोबर नाही, खऱ्या पायलटबरोबर बसून ठरवायचंय. आबांना मात्र एक वेगळं काम दिलंय, त्यांच्या पुतण्याच्या ट्रॉलरचा सायलेन्सर केबिनच्या लाकडाला कुठे कुठे आवळलाय ते काठी घेऊन बघून ठेवा म्हटलं, पावसाळ्यात मासेमारी बंद असेल तेव्हा ते सोडवून घेऊ.